फ्लेक्सवरचा उसना पाय

नांदेड, २१ जून २०२३

प्रिय साक्षी,

ज्या क्षणी हॉस्टेलच्या त्या रेक्टरबाईंनी तुझा मोबाईल पाकिटात घातला, वरून टेप मारली आणि तुझी सही घेतली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. तुझं नाही, माझं. तू तर जिना चढून निघून गेलीस, मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. मी गेटबाहेर तुझ्या राजश्रीमावशीच्या पिशव्या धरून उभा होतो. त्यांच्या हिशोबी मी म्हणजे शेजारचा मुकुल, बॅगा उचलायला बरा. परतीच्या बसमध्ये त्या मुदखेडच्या कुठल्या तरी स्थळाबद्दल बोलत होत्या, आणि मी खिडकीतून लातूरचे होर्डिंग बघत होतो. जिकडं तिकडं टॉपर. दात काढून हसणारी पोरं, खाली मार्क.

पुढच्या मेपर्यंत फोन नाही म्हणजे काय? डॉक्टर व्हायचं आहे की जन्मठेप भोगायची आहे? म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "कुठल्या भरतीचा अर्ज?" मी म्हटलं, "खाजगी." ते म्हणाले, "खाजगीत काय मिळतं रे आजकाल." पाकिटावर माझ्या आतेबहिणीचं, मृण्मयीचं नाव टाकलंय. तिला पत्ता नाही.

इकडचं म्हणशील तर बाबा अजून बोलत नाहीत. इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं याला आता दीड वर्ष झालं, तरी पाहुण्यांसमोर "हे आमचे इंजिनियर" अशीच ओळख करून देतात. वसंतराव मास्तरांचा टोमणा आहे तो, शाळेत पोरांना छडीऐवजी हाच देत असावेत. आई मधल्या मध्ये दोघांना वाढते.

मी आपला बसलिंगप्पांच्या दुकानात फ्लेक्स बनवून राहिलो. भावी नगरसेवक, भावी सभापती, भावी आमदार. वर साहेब, खाली शुभेच्छुकांची चाळीस मुंडकी, प्रत्येक गोलात एक. एखाद्याचा गोल शेजाऱ्यापेक्षा लहान झाला तर तो दुकानात येऊन टेबलावर हात आपटतो. आणि दुकानाचं काम संपलं की माझं स्वतःचं, 'अभिनंदन मित्रमंडळ'. तू जायच्या आधी बघितलं होतंस ना ते पेज? कालचं हे: "वयाची अट ओलांडल्याबद्दल आमचे लाडके वैजनाथभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त अभ्यासिका परिवार, नांदेड." वैजनाथ म्हणजे माझा नायगावचा दोस्त, सहा वर्षं अभ्यासिकेत खुर्ची झिजवणारा. त्यानंच हे शंभर जणांना पाठवलं. हसत होता, आणि मधेच उठून बाहेर गेला.

माझ्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे गोल रिकामे असतात, हे लक्षात आहे ना? चाळीस पांढरे गोल. लोकांना तेच आवडतं.

उत्तर लिही. जमलं तर.

तुझा (शेजारचा) मुकुल


लातूर, ४ जुलै

मुकुल,

पाकिटावर मृण्मयी वाचून म्हटलं ही कोण बया. मग अक्षर बघितलं. तुझं अक्षर लई घाण आहे, फ्लेक्सवर कॉम्प्युटर असतो ते बरंय.

इथं पत्रं उघडायचा नियम न्हाई. डबे उघडतात, बॅगा उघडतात, लाडू फोडून बघतात. पण या जमान्यात कुणी पत्र लिहील हे त्यांच्या डोक्यातच आलेलं न्हाई. तेव्हा लिहीत जा, पण कुणाला सांगू नको.

दर रविवारी टेस्ट. मार्कांवर बॅच, ए पासून एफ पर्यंत. बॅच बदलली की पलंग पण बदलतो, म्हणून सोमवारी सकाळी सगळ्या पोरी गाद्या डोक्यावर घेऊन जिन्यात. मी दोनदा गादी उचलली, दोन्ही वेळा खाली. आता एफ मधे हाय. आमच्या वर्गाचा पंखा वरच्या बॅचला नेला.

आणि दूध. संध्याकाळी पहिल्या चाळीस पोरींना दूध मिळतं, मेसमधे आमच्या समोर बसून. त्या दूध पितात, आम्ही दूध बघतो. माझ्या घरी तीन म्हशी हायेत मुकुल.

चिडून काही होत न्हाई. फी माफ हाय माझी. या क्लासचे मालक भाऊसाहेब, त्यांनी स्वतः केली. बाबामुळं. ते कधीतरी सांगीन.

झोप येऊन राहिली. पत्र लिहिताना मात्र न्हाई आली.

साक्षी


नांदेड, १२ जुलै

प्रिय साक्षी,

पत्र वाचून डोकं फिरलं. तीन म्हशींच्या मालकिणीला दूध बघायला लावतात! आणि तू म्हणतेस चिडून काही होत नाही. चिडूनच होतं, दुसऱ्या कशानं होतं सांग.

तुला एक गंमत सांगतो, धंद्यातली. तुमच्या लातूरच्या तीन क्लासवाल्यांनी यंदा एकाच टॉपर पोराचा फोटो आमच्याकडून छापून घेतला. एकाला निळा शर्ट हवा, एकाला पांढरा, तिसऱ्यानं चष्मा काढायला लावला. बसलिंगप्पा म्हणाले, "आपल्याला काय, पोराला चष्मा आहे का नाही ते त्याचे आईबाप बघतील." अप्पांचा स्वभाव वाईट नाही, पण गिऱ्हाईक म्हणेल ती पूर्व दिशा. मी शर्ट रंगवत बसलो आणि मनात म्हटलं, या पोरालासुद्धा कुणी विचारलं नसेल.

पेज जोरात आहे. एक फ्लेक्स तर दोन दिवसांत हिंगोलीपासून धाराशिवपर्यंत फिरलं. कुठलं ते तू बाहेर आल्यावर दाखवीन.

राजश्रीमावशीच्या गॅलरीत तुझी पिवळी ओढणी वाळायची, तिथं आता टॉवेल असतात. तू दूध बघतेस, मी टॉवेल बघतो.

मुकुल


लातूर, ३० जुलै

मुकुल,

काल फिजिक्सच्या सरांनी वर्गात मोबाईल वर धरला. "हा हरामखोरपणा कुणाचा?" लांबून पण वाचता येत होतं. "दूध बघायला मिळाल्याबद्दल समस्त एफ बॅचतर्फे जाहीर आभार! (घरी तीन म्हशी असूनही)."

तीन म्हशी, मुकुल?

मी खाली मान घातली. पण मागून एक पोरगी फिस्सकन हसली, मग दुसरी, मग आख्खा वर्ग. सर ओरडून राहिले आणि पोरी हसून राहिल्या, थांबेनात. मी पण हसले. जून महिन्यापासून पहिल्यांदा. माझ्या मनातलं वाक्य एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदा ऐकलं मी.

आज सगळ्यांना दूध मिळालं. निम्मं पाणी, पण मिळालं.

आणि मग रात्रभर भीती. कुणाच्या घरी तीन म्हशी हे काढणं अवघड न्हाई. माझी फी माफ हाय हे विसरू नको. मी इथून गेले तर मला दुसरा क्लास न्हाई, आणि क्लास न्हाई तर सीट न्हाई. बाबानं आधीच सांगितलंय, एकच वर्ष. त्यानंतर मुदखेडचं स्थळ. हो, तेच, बसमधलं.

म्हणून मला विचारल्याशिवाय माझं काही टाकायचं न्हाई. शपथ घे.

साक्षी


नांदेड, ८ ऑगस्ट

प्रिय साक्षी,

घेतली शपथ. आईची, हवं तर अप्पांच्या प्रिंटरचीसुद्धा. तुझं काही तुला विचारल्याशिवाय नाही.

म्हणजे बसमधलं ते मुदखेडचं स्थळ तुझ्यासाठी होतं! तीन तास मी त्याचं कौतुक ऐकलं आणि हो हो करत पिशव्या धरल्या. माझ्याइतका गाढव माणूस नांदेडात नसेल.

पण हसला ना वर्ग? हेच मी बाबांना सांगून थकलो. ते म्हणतात, "टवाळी आहे ही, टवाळीनं कुणाचं पोट भरलंय?" अहो, पोट भरायच्या सगळ्या जागांवर कोण बसलंय तेच तर सांगून राहिलो. मोर्चा काढला तर पोलीस नावं लिहून घेतात, पुढं नोकरीला आडवी येतात. अर्ज केला तर पोच मिळते. हसलं तर निदान समोरच्याला राग येतो. राग आला म्हणजे त्याला ऐकू गेलं. आमच्या पिढीचं ऐकू गेलेलं दुसरं काय आहे?

इकडं तुमच्या भाऊसाहेबांची मोठी ऑर्डर आली. किल्लारीच्या भूकंपाला तीस सप्टेंबरला तीस वर्षं होतात, आणि त्यांना पुढच्या वर्षी आमदारकीला उभं राहायचंय. तेच जुनं चित्र: तरुण भाऊसाहेब, मागं ढिगारा, हातात धुळीनं माखलेलं पोरगं. मूळ फोटोत त्या पोराचा डावा पाय चौकटीबाहेर कापला गेलाय. गेल्या वर्षी भाऊसाहेबांचा माणूस म्हणाला, "लंगडं दिसतंय, पाय लाव." मी कुठल्याशा बिस्किटाच्या जाहिरातीतल्या पोराचा पाय काढून चिकटवला, वर थोडी धूळ रंगवली. आख्ख्या मराठवाड्यात लागला तो पाय. कुणाच्या लक्षात आलं नाही, साहेबांच्या तर नाहीच.

हसू आलं ना? ये ना एक रविवार इकडं. नाही येत, माहीत आहे.

मुकुल


लातूर, २४ ऑगस्ट

मुकुल,

हसू आलं न्हाई. तो पोरगा माझा बाबा हाय.

तुला सांगणार नव्हते, कुणालाच सांगत न्हाईत आमच्यात. आता लिहितेच.

बाबा अकरा वर्षांचा होता. पहाटे घर पडलं. दगडाच्या भिंती आणि वर मातीचं धाबं, सगळं अंगावर. आजोबा गेले, दोन काका गेले. बाबा दुपारपर्यंत आत होता. बाहेर गुणाबाई होती, आमच्या शेजारची. तिची स्वतःची दोन लेकरं सकाळीच सापडली होती, गेलेली. तिनं त्यांना लुगड्याखाली झाकलं, आणि बाबाचा आवाज आला तसं पीठ मळायच्या काठवटीनं माती उपसायला लागली. काठवट फुटली, मग हातानं. आमच्या नव्या गावात ती अजून आमच्याच तीन नंबरच्या गल्लीत राहते, तिच्या उजव्या हाताची दोन नखं नीट न्हाईत. तिनं बाबाला काढलं. बाकी कुणी न्हाई.

भाऊसाहेब तिसऱ्या दिवशी आले. तेव्हा साधे कार्यकर्ते होते, सोबत फोटोवाला. बाबा पत्र्याच्या शेडमधे बसला होता, अंग पुसलेलं, हातात बिस्किटाचा पुडा. त्याला उचलून जुन्या गावात नेलं. फोटोवाला म्हणाला, पोरगं लई स्वच्छ दिसतंय. तेव्हा भाऊसाहेबांनी खाली वाकून मूठभर माती घेतली आणि बाबाच्या डोक्यावर टाकली.

बाबा म्हणतो, माती पडली तसं त्याला वाटलं परत भूकंप झाला. तो ओरडला. फोटोत तोंड उघडं हाय ना त्याचं? ते तेव्हाचं.

तेव्हापासून दर तीस सप्टेंबरला बाबा स्टेजवर. "हेच ते किशनराव!" शाल, नारळ, टाळ्या. एकोणतीस शाली हायेत घरात, एक पण पांघरत न्हाई. अजून रस्त्यानं जड ट्रक गेला की बाबा पंख्याकडं बघतो, हलला का म्हणून. आणि वर्षातून एक दिवस जाऊन त्या माणसाच्या पाया पडतो. का, तर आधी घराचं काम अडलं होतं, मग विहिरीचं, आता माझी फी. गुणाबाई कधी काही बोलली न्हाई. तीस सप्टेंबरला ती घराचं दार लावून बसते.

यंदा बाबानं भाषण करायचं असं ठरलंय. लिहून दिलंय त्यांनी. मी रविवारी हॉस्टेलच्या फोनवरून घरी बोलताना ऐकलं, बाबा पाठ करून राहिला होता, माझ्यासारखाच, रट्टा मारून. मला इतका राग आला की पेपरमधे काही सुचलं न्हाई. हे कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणायला पाहिजे, मुकुल.

पण म्हणणार कोण.

साक्षी


नांदेड, २ सप्टेंबर

साक्षी,

म्हटलं!

तुझं पत्र दुकानात वाचलं. संगणकावर तोच फोटो उघडा होता, तोंड उघडं ठेवलेलं ते पोरगं. बारा बाय वीस फुटांत करायला दिला होता मला. मी दोन वर्षं त्या तोंडावर उजेड वाढवून राहिलो होतो, साक्षी. धूळ कमी पडली म्हणून मीसुद्धा वरून धूळ रंगवली होती.

आज सकाळी टाकलं. "तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा वाचवल्याबद्दल मा. भाऊसाहेबांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: वाचलेल्या पोरावर माती टाकणारे मित्रमंडळ." खाली दोन ओळींत गुणाबाईंचं. दुपारपर्यंत पेज बंद पडतंय की काय इतके लोक. औसा, निलंगा, उमरगा, सगळीकडून पोरं लिहितायत: आमच्या गावातही असंच, आमच्या आजोबांसोबतही असंच फोटो काढले.

शपथ आठवते मला. पण तूच लिहिलंस ना, कुणीतरी मोठ्यानं म्हणायला पाहिजे? मी झालो कुणीतरी. आता तुझ्या बाबांना ते भाषण करावं लागणार नाही. बघ तू.

मला आज पहिल्यांदा वाटलं की कॉलेज सोडलं ते बरं केलं.

तुझाच,
मुकुल


लातूर, १० सप्टेंबर
(राजश्रीमावशीच्या हाती)

मुकुल,

आता पत्रं उघडायचा नियम झाला. तुझ्या कृपेनं. तुझं दोन तारखेचं पत्र मला रेक्टरबाईंनी ऑफिसात वाचून दाखवलं, हसत हसत, "तुझाच, मुकुल" सकट. मृण्मयी कोण ते पण विचारलं.

'कुणीतरी' म्हणजे तू, असं तुला कुणी सांगितलं? मी माझ्या बाबाबद्दल बोलत होते. माती त्याच्या डोक्यावर पडली. बोलायचं तर त्यानं बोलायचं, न्हाई तर गुणाबाईनं. तीस वर्षं त्यांनी दाबून धरलेलं तू एका सकाळी छापून मोकळा झालास, आणि वर टाळ्या मोजून राहिलास.

काय झालं सांगू? गुणाबाईच्या दारात मोबाईलवाले आले, माईक घेऊन. "आजी, दोन लेकरं गेली तेव्हा कसं वाटलं?" ती आत गेली, कडी लावली, दोन दिवस जेवली न्हाई. बाबाला भाऊसाहेबांच्या बंगल्यावर बोलावलं. दिवसभर बाहेरच्या बाकावर बसवलं, मग आत घेतलं. तीसला स्टेजवर म्हणायचं की हे सगळं खोटं हाय, मला साहेबांनीच काढलं. न्हाई म्हटलं तर मी पहिल्या तारखेला हॉस्टेलच्या बाहेर. बाबानं घरी येऊन हॉस्टेलवर फोन लावला. मला फोनवर एवढंच विचारलं, "तू सांगितलंस का ग?" मी हो म्हटलं. त्यानं फोन ठेवला. आमच्या बाबानं माझा फोन कधी ठेवला न्हाई.

एक गोष्ट सांग. तू एवढा शूर, तर तुझ्या फ्लेक्सवर ते गोल रिकामे का? सगळ्या भावी गुंडांना फोटो लावायची हिंमत असते. तुझं नाव न्हाई, तोंड न्हाई. तोंडं सगळी आमची. माझं, बाबाचं, गुणाबाईचं. त्यांनी पण विचारलं न्हाई, उचललं आणि फोटो काढला. तू पण तेच केलंस.

उत्तर पाठवू नको.

साक्षी


नांदेड, १८ सप्टेंबर
(राजश्रीमावशीच्या हाती. त्यांनी आधी माझ्या तोंडावर दोन शब्द सुनावले, मग घेतलं.)

साक्षी,

उत्तर पाठवू नको म्हणालीस तरी हे सांगणं भाग आहे. रागाव, पण वाच.

मी पकडलो गेलो. कशानं माहीत आहे? रेक्टरबाईंच्या हाती नुसतं 'मुकुल' लागलं होतं, दुकान सापडलं ते पायानं. चिडून फ्लेक्स करताना मी मूळ फोटो घ्यायच्या ऐवजी दुकानातलाच घेतला, बिस्किटाच्या पोराचा पाय लावलेला. भाऊसाहेबांचा माणूस व्यंकटराव, ज्यानं पाय लावायला सांगितला होता, तो मोबाईल घेऊन आला आणि अप्पांच्या टेबलावर ठेवला. "बसलिंगप्पा, हा पाय फक्त तुमच्या दुकानात आहे." अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मशीन बंद केली आणि चहा सांगितला, तीन.

मला वाटलं मारतील. मारलं नाही. व्यंकटराव खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "हात चांगला आहे रे तुझा. विरोधकांवर असंच काढ की, आमच्यासाठी. पगार, लॅपटॉप, गाडीला पेट्रोल. फक्त एक व्हिडिओ दे: मी मुकुल वसंतराव, मी खोटं छापलं, साहेबांची माफी मागतो. त्या पोरीचं हॉस्टेल आम्ही बघून घेऊ." त्याला वाटतं बेकार पोरगं म्हणजे भाड्यानं मिळणारी रिक्षा. मीटर टाकलं की कुठंही नेते. आणि राग याचा येतो की शंभरातल्या नव्वदांच्या बाबतीत त्याचं खरं ठरतं, कारण दुसरं कुणी हात चांगला आहे असं म्हटलेलंच नसतं. मला माझ्या बाबांनीसुद्धा नाही.

मी तुझ्यासारखं लिहू शकत नाही. तू म्हणालीस ते बरोबर आहे, त्यांनी उचललं आणि मीही उचललं. त्या ओळीवर मी आठ दिवस अडकून आहे.

म्हणून ठरवलंय, व्हिडिओ देतो. अठ्ठावीस तारखेपर्यंत मुदत आहे. खोटं बोलीन, हात जोडीन, म्हणतील ते. तुझी सीट राहू दे. पेज गेलं खड्ड्यात.

तू फक्त हो म्हण.

मुकुल


जुनं गाव सोडून नवं गाव, गल्ली तीन
२ ऑक्टोबर

मुकुल,

मावशीकडून निरोप दिला होता, "त्याला म्हणावं गप बस, व्हिडिओ देऊ नको," तो ऐकलास. आयुष्यात पहिल्यांदा गप बसलास. बरं केलंस.

तुला वर्तमानपत्रात काही दिसलं नसेल. म्हणून मीच लिहिते, मी तिथं होते. सुट्टी घेऊन न्हाई, ट्रंक घेऊन. एकोणतीसला बाबा हॉस्टेलवर आला आणि म्हणाला, "चल. तुझी गादी घे." मी म्हटलं, "बाबा, सीट?" तो म्हणाला, "तू अभ्यास करशील का घरी?" मी म्हटलं करीन. "मग चल की. त्यांचं दूध पिऊन डॉक्टर होऊ नको."

तीसला मोठा मांडव, मागं तुझ्या दुकानातलं फ्लेक्स, त्या उसन्या पायासकट. भाऊसाहेब बोलले, भूकंप, अश्रू, मराठवाड्याची माती. मग "हेच ते किशनराव!" बाबा उठला. लिहून दिलेला कागद खिशातच. माईकला हात लावला तर माईक किंचाळला, लोक हसले. मग बाबा बोलला. तुला जसं ऐकलं तसं सांगते:

"मला काढलं गुणाबाईनं. दुपारी. हातानं. साहेब तिसऱ्या दिवशी आले, त्यांनी माझ्या डोक्यावर माती टाकली. मी लहान होतो, मला कळलं न्हाई. मोठा झालो तेव्हा कळलं, पण गरज होती. तीस वर्षं गरज होती. शाल द्यायची तर तिला द्या."

एवढंच. माईक बंद केला त्यांनी, पण तोवर झालं होतं. बाबानं स्वतःच्या खांद्यावरची शाल काढली आणि खाली उतरला. गुणाबाई आली होती, मुकुल. यंदा दार लावून बसली न्हाई. बाबा आदल्या दिवशी तिच्याकडं जाऊन पाया पडून आला होता. काय बोलले ते मला माहीत न्हाई. बायकांत शेवटी बसली होती. बाबानं तिच्या खांद्यावर शाल टाकली. ती म्हणाली, "किशना, लई गरम होतंय रे." आणि ठेवली.

टाळ्या न्हाई वाजल्या. पण मांडवातून एकएक म्हातारं उठून निघालं. भाऊसाहेब माईकवरून "बसून घ्या, बसून घ्या" म्हणून राहिले.

आता मी घरी. दिवसा लाईट जाते, म्हशी ओरडतात, बाबा दाराशी बसून कुणाला आत येऊ देत न्हाई. मेमधे परीक्षा. बघू. मुदखेडवाल्यांनी पुढाऱ्याच्या भांडणात पडलेली पोरगी नको म्हणून कळवलं. तेवढं एक भाऊसाहेबांनी माझं चांगलं केलं.

मोबाईल परत मिळाला. पाकीट अजून फोडलं न्हाई.

तुला माफ केलं का, ते विचारू नको. पण तुझं पेज बंद करू नको. एफ बॅचमधल्या पोरींनी निघताना गेटपर्यंत माझी गादी उचलली, आणि हळूच विचारलं, "मंडळाचं नवीन कधी?" त्यांना वाटतं मीच ते चालवते. मी न्हाई म्हटलं न्हाई.

साक्षी


नांदेड, ८ ऑक्टोबर

प्रिय साक्षी,

नवीन काल रात्री आलं. तू पाकीट फोडशील तेव्हा बघशील, पण तोवर सांगतो, कारण तुला न विचारता काही करायचं नाही असं आता मी ठरवलंय. यात तुमच्या घरातलं काही नाही. किशनकाकांचं नाव नाही, गुणाबाईंचं नाही, फोटो नाही, पायही नाही.

फक्त एवढं: "आम्ही कोण असे विचारल्याबद्दल मा. भाऊसाहेब व समस्त साहेबांचे हार्दिक आभार! हे आम्ही." आणि खाली शुभेच्छुकांचे चाळीस गोल. पहिल्यात माझा फोटो. इंजिनियरिंगच्या प्रवेशाचा, केस चपटे, कान मोठे. खाली पूर्ण नाव: मुकुल वसंतराव, शिक्षण अर्धवट, नांदेड.

बाकीचे एकोणचाळीस रिकामे ठेवून मी पेजवर विचारलं, कुणाला यायचंय? ज्याला यायचं त्यानं स्वतः फोटो पाठवा, दुसऱ्याचा नको. वैजनाथचा पहिला आला, पाठोपाठ त्याच्या अभ्यासिकेतले अकरा. आमच्याकडं दुसरं काही नसलं तरी पासपोर्ट फोटो असतात, साक्षी, प्रत्येकाकडं गठ्ठा. भरतीचे अर्ज भरून भरून उरलेले. आज दुपारी बारापर्यंत गोल संपले. मी दुसरी रांग वाढवली, मग तिसरी. गोल लहान होत चालले, पण एकानंही टेबलावर हात आपटला नाही.

एक गोल मी मधे मोकळा ठेवलाय. कुणासाठी ते लिहिणार नाही. तो मोकळाच राहिला तरी चालेल.

मग ते मी छापलं. खरंखुरं, बारा बाय वीस. भाऊसाहेबांच्या नव्या ऑर्डरचा रोल मशीनवर चढवलेला होताच, त्यावरच. अप्पा बाहेरून आले तेव्हा निम्मं बाहेर पडलं होतं. ते बघत राहिले. म्हणाले, "मुकुल, हे लावलंस तर उद्या माझं दुकान राहत नाही." मी म्हटलं, "म्हणून दुकानाचं नाव टाकलं नाही. मी आजपासून तुमचा माणूस नाही, असं सांगा. रोलचे पैसे पगारातून कापा." ते म्हणाले, "तुला पगार राहिलाय कुठं?" आणि मग वाकून बराच वेळ ते गोल बघत होते. शेवटी एका गोलावर बोट ठेवलं. "हा आमचा उदगीरचा भाचा आहे. हा कधीपासून बेकार आहे?" मी म्हटलं, चार वर्षं. त्यांना माहीत नव्हतं. बँकेत आहे असं घरी सांगतो म्हणे.

दुपारी घरी जेवायला गेलो तर बाबांनी मोबाईल वाचून खाली ठेवला. मी तयारीत होतो. म्हणाले, "शिक्षण अर्धवट असं लिहायला लाज नाही वाटली?" मी म्हटलं, नाही. बराच वेळ वरण कालवत बसले. मग आईला म्हणाले, "विमल, त्याला अजून एक पोळी वाढ." इंजिनियर म्हणाले नाहीत.

पोलीस येतील की व्यंकटराव, माहीत नाही. दोघांपैकी कुणीही आलं तर मी दिसणारच आहे, तोंड पहिल्याच गोलात आहे. तू अभ्यास कर. मी पत्र लिहीत जाईन, पाकिटावर माझं नाव टाकून. नको असेल तर परत पाठव, पोस्टातले काका आता ओळखतात.

तुझा,
मुकुल वसंतराव

ता.क. पाकीट बंद करायच्या आधी एवढं, दुकानाबाहेर उभ्यानं लिहितोय. फ्लेक्सची गुंडाळी खांद्यावर घेतली आहे. वैजनाथ आणि पोरं तरोडा नाक्यावर बांबू घेऊन थांबलीत. अप्पांना म्हटलं, येतो. ते मशीनकडं तोंड करून उभे होते. वळले नाहीत, पण म्हणाले, "चारही कोपऱ्यांना दोरी दुहेरी बांध, वारा आहे. आणि जाताना शटर ओढून घे, लोक बघून राहिलेत." मी बाहेर आलो आणि शटर खाली ओढलं.